भिंतीतली ओल आणि बँकेचा आकडा

खोपोलीची गाडी कर्जत सोडते आणि थोड्याच मिनिटांत पळसदरी येते. महाविद्यालयातील पुष्कळ मित्रांना हे स्टेशन ठाऊक आहे ते पावसाळी सहलीमुळे. धरण, धबधबे, घाटावरून उतरणारे ढग! आम्ही मात्र तिथे बारमाही राहतो. जो पाऊस पाहुण्यांना रम्य वाटतो तोच आमच्या पश्चिमेच्या भिंतीतून घरात येतो. गेल्या वर्षी त्याने आमच्या घरचा एक मोठा बेत चांगला पाच महिने अडवून धरला. त्या निमित्ताने घराचे मोल बँक कसे ठरवते, आणि त्यात घराच्या अवस्थेचा वाटा किती, हे मला थोडेफार समजले. आपल्यापैकी अनेकांच्या घरावर कर्ज आहे. म्हणून ते येथे मांडीत आहे.

तो बेत असा. वडिलांनी हे घर विकत घेतले तेव्हा एका खासगी वित्तसंस्थेचे कर्ज काढले होते. त्यातले ११ लाख रुपये फेडावयाचे राहिले होते. मुदत १२ वर्षे, व्याज साडेअकरा टक्के. एक बँक साडेआठ टक्क्यांनी हे कर्ज आपल्याकडे घ्यावयास तयार होती. शिवाय धाकट्या बहिणीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी ५ लाख जादा हवे होते. एकूण १६ लाख. जुन्या धनकोचे देणे नव्या धनकोकडून फेडून घ्यावयाचे आणि गहाण तेच घर ठेवावयाचे, याला बँकेत बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. वरच्या जादा रकमेला टॉप-अप. नुसत्या ११ लाखांचा हप्ता सुमारे १४,१०० वरून १२,२०० वर येत होता. महिन्याला १,९०० रुपये म्हणजे फार मोठी रक्कम नव्हे, असे कोणी म्हणेल. १२ वर्षांत ती पावणेतीन लाखांच्या घरात जाते.

दोन ठिकाणच्या व्याजात एवढे अंतर का, असा प्रश्न मी अर्थशास्त्राच्या सरांना विचारला. त्यांनी सांगितले की, १ ऑक्टोबर २०१९ पासून रिझर्व्ह बँकेने बँकांना बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपो दरासारख्या बाहेरच्या निकषाशी जोडावयास लावली. वित्तसंस्थांवर तसे बंधन नाही. तेव्हा दर उतरले की बँकेच्या ऋणकोला ते लवकर कळते, दुसऱ्याला उशिरा, किंवा कळतही नाही. कर्ज मुदतीपूर्वी फेडले म्हणून दंड घेण्याची चाल पूर्वी होती. बदलत्या दराच्या गृहकर्जावर असा दंड घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ च्या जूनमध्ये सांगितले, आणि वित्तसंस्थांनाही पुढेमागे तशाच सूचना झाल्या. कर्ज हलविण्याचा मार्ग सामान्य माणसाला खुला झाला तो यामुळे.

मार्ग खुला झाला तरी त्यावर एक नाके आहे. नवी बँक जुन्या बँकेच्या कागदांवर विसंबत नाही. ती आपला माणूस पाठवून घर पुन्हा पाहते. घर विकत घेताना एकदा मूल्यांकन झालेले असते. मग आता पुन्हा कशाला, असे वडिलांना वाटत होते. पण मधली वर्षे घरावरून गेलेली असतात, आणि ती किती जड गेली हे त्या जुन्या कागदात नसते.

घर बघून कर्ज देण्याची ही रीत आपल्याकडे तशी नवीच. आमच्या आजोबांच्या पिढीत लोक आयुष्यभराची पुंजी आणि फंडाचा पैसा घालून उतारवयात घर बांधीत, नाहीतर दागिने मोडीत. हसमुखभाई पारेख यांनी मुंबईत एच.डी.एफ.सी. ही गृहकर्जाची संस्था काढली ती १९७७ साली. राष्ट्रीय आवास बँक आली १९८८ मध्ये. पगारदार माणसाने तरुणपणी कर्ज काढून घर घ्यावे आणि त्यात राहत राहत ते फेडावे, ही कल्पना त्यानंतर रुळली. पण कर्ज १५-२० वर्षांचे असल्यामुळे धनकोच्या मनात एक शंका कायम राहते. पैसे फिटेपर्यंत हे घर उभे राहील काय? आणि न फिटले तर विकून किती येतील? घराच्या मूल्यांकनातले सगळे रकाने या दोन शंकांभोवती फिरतात. घर सुंदर आहे की नाही हा प्रश्न त्यात कुठेही नाही, आणि आमची पहिली चूक तिथेच झाली.

बँकेच्या यादीवरील मूल्यांकक ऐन श्रावणात येणार असे कळले. स्थापत्य अभियंता, वयाने वडीलधारे. आदल्या रविवारी आम्ही दर्शनी खोलीला रंग दिला. स्वयंपाकघरातील ओट्यामागे नव्या टाइल्स दोन महिन्यांपूर्वीच बसविल्या होत्या. मधल्या खोलीत भिंतीवर ओलीचा एक मोठा नकाशा उठला होता, त्यावर आईने कॅलेंडर अडकवले. गृहस्थांनी टाइल्सकडे पाहिलेही नाही. ते सरळ मधल्या खोलीत गेले, कॅलेंडरापाशी थांबले आणि म्हणाले, “वहिनी, हे जरा काढता का?” आईचा चेहरा उतरला. मग त्यांनी खिशातून एक रुपयाचे नाणे काढून गिलाव्यावर ठिकठिकाणी वाजविले. जिथे गिलावा भिंतीला धरून असतो तिथे आवाज टणक येतो, सुटलेला असेल तिथे पोकळ. आमच्या भिंतीने पुष्कळ ठिकाणी पोकळ आवाज दिला.

त्यानंतर ते शिडी लावून गच्चीवर गेले. पाणी कुठे साचते, नळीकडे उतार आहे की नाही, कठड्याच्या बुडाशी भेग आहे का, हे पाहिले. खाली येऊन न्हाणीघराच्या छताकडे मान वर करून बराच वेळ उभे राहिले. तिथे स्लॅबचा एक पापुद्रा गळून सळई उघडी पडली होती आणि तिच्यावर तांबूस गंज होता. “हे किती दिवसांपासून?” त्यांनी विचारले. “दोन पावसाळे झाले, साहेब,” वडील म्हणाले. त्यांनी फोटो काढला. टेपने खोल्या मोजल्या, मंजूर नकाशाशी ताडून पाहिल्या, आजूबाजूच्या प्लॉटचे भाव काय चालले आहेत हे शेजाऱ्यांकडे विचारले, आणि चहा घेऊन गेले. सारे मिळून चाळीस मिनिटे.

वडिलांच्या मते घर २८ लाखांचे होते. अहवाल आला १९ लाख ५६ हजारांचा. त्या रात्री घरात कोणी फारसे बोलले नाही.

हा आकडा कसा आला हे पाहण्यासारखे आहे. स्वतंत्र घराचे मोल करताना जमीन वेगळी आणि बांधकाम वेगळे धरतात. जमिनीचे १२ लाख धरले. त्यात वाद नव्हता. बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे ७०० चौरस फूट. आज असेच घर नव्याने बांधावयाचे तर चौरस फुटाला १,८०० रुपये, म्हणजे १२ लाख ६० हजार. आता घर काही नवे नाही, २० वर्षांचे आहे. तेव्हा घसारा वजा करावयाचा. नेहमीची रीत अशी की, आर.सी.सी. बांधकामाचे आयुष्य ६० वर्षे मानतात आणि शेवटी १० टक्के भंगारमूल्य उरते असे धरतात. उरलेले ९० टक्के ६० वर्षांत झिजतात; वर्षाला दीड टक्का. या हिशेबाने २० वर्षांत ३० टक्के जावयास हवे होते.

परंतु मूल्यांककाने ६० हा आकडा घेतलाच नाही. उघडी सळई आणि पोकळ गिलावा पाहून त्याने आयुष्य ४५ वर्षे धरले. झीज वर्षाला दोन टक्के झाली, २० वर्षांत ४० टक्के. १२ लाख ६० हजारांतून ५ लाख ४ हजार गेले, ७ लाख ५६ हजार उरले. त्यात जमिनीचे १२ लाख मिळविले की अहवालातला आकडा येतो. घराची अवस्था हिशेबात शिरते ती या एका चिंचोळ्या दारातून: घराचे वय बदलता येत नाही, पण त्याचे उरलेले आयुष्य किती मानावयाचे हे पाहणाऱ्याच्या हाती असते.

वडिलांचे २८ लाख कसे झाले होते? त्यांनी घसारा धरलाच नव्हता, आणि पडवी बंद करून केलेली १८० चौरस फुटांची खोली हिशेबात घेतली होती. ही खोली आम्ही घर घेतल्यावर बांधली. आजी तिथेच निजते, बहिणीचा अभ्यासही तिथेच चालतो. घरातली सर्वांत कोरडी आणि हवेशीर खोली ती. पण मंजूर नकाशात ती नाही. जे नकाशात नाही ते बँकेच्या दृष्टीने भिंती असूनही नाही. उद्या पाडावे लागले तर त्याचे पैसे कोण देणार? सुस्थितीतल्या खोलीचे मोल शून्य आणि गळक्या खोलीचे मोल काही हजार, हा न्याय आजीला अजून पटलेला नाही. खरे सांगायचे तर मलाही तो पचायला वेळ लागला.

आता बँकेचे गणित. घराच्या मूल्याच्या किती टक्के कर्ज द्यावे याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे: ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्के, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८०, आणि त्यापुढे ७५. पण ही कमाल झाली. जुन्या स्वतंत्र घराला आमच्या बँकेने ८० टक्केच धरले. १९ लाख ५६ हजारांचे ८० टक्के म्हणजे १५,६४,८००. आम्हाला हवे होते १६ लाख. अवघे ३५,२०० रुपये कमी! तेवढे टॉप-अप कमी घेता आले असते. काम अडले ते आकड्यावर नव्हे, शेऱ्यावर. अहवालाच्या छापील नमुन्यात बांधकामाची स्थिती आतून आणि बाहेरून कशी, असा रकाना असतो आणि उत्तरे चार: उत्कृष्ट, चांगली, साधारण, वाईट. आमच्या ‘आतून’ पुढे शेवटचा शब्द होता. खाली एक ओळ: स्लॅबची दुरुस्ती करून पुन्हा पाहणी व्हावी. बँकेने प्रकरण बाजूला ठेवले. अहवाल हाती आला की बहुतेक लोक रुपयांचा आकडा तेवढा पाहतात. शेरे अगोदर वाचावेत, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे.

सळईवरच्या एवढ्याशा गंजाला इतके महत्त्व का? मी त्या साहेबांनाच फोन करून विचारले. त्यांनी न कंटाळता समजावून सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सिमेंट काँक्रीट ताजे असते तेव्हा क्षारधर्मी असते आणि त्या क्षारतेमुळे आतले लोखंड गंजत नाही. हवेतला कार्बन वायू ओलीच्या मदतीने हळूहळू आत शिरतो, क्षारता मारतो आणि सळईचे कवच जाते. त्यावर पाणी पोचले की गंज सुरू. गंज हा मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. काँक्रीटच्या आत ती जागा कुठली असणार? म्हणून तो काँक्रीटला आतून फोडतो, पापुद्रा गळतो, सळई उघडी पडते आणि मग पाण्याला कोणी अडविणाराच उरत नाही. रंग उडाला तर तो पुन्हा देता येतो. सळईचा झिजलेला भाग परत येत नाही.

जुन्या कौलारू घरात ही भानगड नव्हती. कौल फुटले की त्याच रात्री अंथरुणावर थेंब पडे. दरवर्षी मे महिन्यात शाकारणी होई आणि फुटके कौल बदलले जाई. स्लॅब मात्र गळती पोटात ठेवतो. वर पाणी एका जागी मुरते, खाली भलत्याच जागी दिसते, आणि दिसते तेव्हा दोन-चार पावसाळे उलटून गेलेले असतात. कर्जत-खालापूर भागात म्हणूनच स्लॅबच्या घरांवर पुन्हा पत्र्याची शेड चढलेली दिसते. तिचे क्षेत्रफळ मूल्यांकक धरीत नाहीत. पण तिच्याखालचा स्लॅब कोरडा राहिला तर त्याची नोंद त्यांना करावीच लागते. घराच्या स्वतःच्या अवस्थेखेरीज जागेचीही अवस्था विचारतात. नमुन्यात ‘वारंवार पाणी भरण्याची शक्यता’ असा प्रश्नच असतो. उल्हास नदीच्या काठच्या गावांनी २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आहे. तिथे हा रकाना कोणी डोळे मिटून भरीत नाही.

वयाच्या सूत्रावर विसंबू नये याचे दारुण उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडले. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडला तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे गेली. इमारत दहा वर्षांचीही नव्हती. दरसाल दीड टक्क्याच्या हिशेबाने तिचे पंधरा टक्केही मोल झिजलेले नसते. सरकारी रेडी रेकनरमध्ये जुन्या बांधकामाला वयाप्रमाणे सूट मिळते, ती मुद्रांक शुल्कासाठी. गळतीची किंवा तड्यांची दखल त्या तक्त्याला घेता येत नाही. ती कोणीतरी घरात येऊन, नाणे वाजवून घ्यावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी सांगितली आहे. सुट्या घरांना असे सांगणारे कोणी नसते. मूल्यांकक आला तरच तपासणी होते, आणि आपण त्याच्यापुढे कॅलेंडर अडकवतो!

अमेरिकेत १९२९ नंतरच्या महामंदीत घरे गहाण ठेवणारे आणि ठेवून घेणारे दोघेही बुडाले. त्यानंतर, १९३४ साली, तिथे गृहकर्जाचा विमा उतरविणारी सरकारी यंत्रणा उभी राहिली आणि घरतपासणीला शिस्त लागली. आज तिथे फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन मोठ्या संस्थांच्या पद्धतीत घराच्या अवस्थेला सी-१ ते सी-६ अशा सहा पायऱ्या आहेत. सी-१ म्हणजे कोणी न राहिलेले कोरे घर. सी-६ म्हणजे राहणाऱ्याच्या सुरक्षिततेला किंवा घराच्या मजबुतीला धोका. सी-६ घर दुरुस्त झाल्याशिवाय त्याचे कर्ज या संस्था घेत नाहीत. म्हणजे ‘दुरुस्ती करून पुन्हा पाहणी’ हा आमचा शेरा पळसदरीपुरता नव्हता, एवढे समाधान.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या ओळखीच्या एका आजीचे गावठाणात मातीच्या विटांचे घर आहे. जोते भक्कम, लाकूड सागाचे, दरवर्षी शाकारलेले. भिंतीला ओलीचा डाग शोधून सापडणार नाही. त्यावर बँक कर्ज देईना, कारण ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती यांपलीकडे त्यांच्याजवळ कागदच नव्हता. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली आणि अशा घरांना मिळकत पत्रिका मिळू लागल्या. कागद नसेल तर घराच्या अवस्थेचा प्रश्न येतच नाही, आणि कागद झाला की पहिला प्रश्न तोच येतो.

आमच्या घरी दिवाळीनंतर काम काढले. गच्चीवरचा जुना थर उखडून नळीकडे उतार देऊन कोबा केला. कठड्याच्या बुडाशी गोलाई घेतली. न्हाणीघराच्या छतातले भुसभुशीत काँक्रीट ठोकून काढले, सळया घासून गंजरोधक लावला, नवे मॉर्टर भरले. पोकळ गिलावा पाडून पुन्हा केला. या साऱ्यास ७० हजार लागले. वडिलांनी नोकरीच्या ठिकाणच्या पतपेढीतून घेतले. शेजाऱ्यांनी म्हटले, आधी रंग तरी द्या, घर कसे दिसते! वडिलांनी रंग शेवटी आणि तोही एकच हात दिला. खर्चाची बिले आणि काम चालू असतानाचे फोटो त्यांनी जपून ठेवले. हे फार उपयोगी पडले, कारण बुजविलेली सळई मागाहून कोणाला दाखविता येत नाही.

मित्रांनी एक शहाणपण शिकविले होते. पावसाळ्यात कशाला बोलावता मूल्यांककाला? मार्चमध्ये बोलवा, भिंती खणखणीत वाळलेल्या असतात. हे खोटे नाही, आणि पुष्कळ लोक तसे करतातही. पण मार्चमध्ये उघडी सळई काही झाकली जात नाही. आणि समजा झाकली गेली, तरी त्या छताखाली न्हाणीला बँक जाणार नाही, आम्हीच जाणार.

जानेवारीत तेच गृहस्थ पुन्हा आले. या वेळी कॅलेंडर आईने आधीच काढून ठेवले होते. त्यांनी नाणे वाजविले, फोटो पाहिले, बिले चाळली. आयुष्य या खेपेस ५५ वर्षे धरले. पुरे ६० का नाही, असे मी विचारले. म्हणाले, “औषध दिले म्हणजे आजार झालाच नव्हता असे होत नाही, बाळ.” ५५ वर्षांच्या हिशेबाने घसारा सुमारे ३२.७ टक्के, बांधकामाचे ८ लाख ४७ हजार, जमिनीसह २० लाख ४७ हजार. त्याचे ८० टक्के १६ लाख ३७ हजारांच्या वर. शेरा: साधारण. म्हणजे ७० हजार खर्चून मोल ९१ हजारांनी वाढले; त्यातून नफा असा काही झाला नाही. पण प्रकरण सुटले, आणि नुसत्या हप्त्यातील बचतीतून ती पतपेढीची रक्कम साधारण तीन वर्षांत भरून निघेल.

मार्चमध्ये मंजुरीचे पत्र आले. बहिणीची पहिली फी गेली. पडवीच्या खोलीसाठी सुधारित नकाशा काढून वडिलांनी अर्ज केला आहे. त्याची फाईल अजून टेबलावरून टेबलावर फिरते आहे.